वाण राखणं वेगळं, वाण सुधारणं वेगळं

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात ‘आम्ही जुना राता जपलाय’ असं सांगणारे भातशेतकरी भेटतात. खोदून विचारलं की कळतं, दरसाल टपोऱ्या, लांब लोंब्या निवडून तेवढंच बी धरलं जातं. काम चांगलंच आहे, पण हे जपणं नव्हे. ही सुधारणा झाली.

राता म्हणजे खाऱ्या जमिनीतलं लाल तांदळाचं भात. बांधाला खांड म्हणजे भगदाड पडून उधाणाचं पाणी खाचरात शिरलं की इतर भातांची कोवळी रोपं करपतात, राता तग धरतो. पण जुन्या रात्याच्या शेतात सगळी रोपं एका वंशाची नसतात. कोणी उंच, कोणी जरा बुटकं, कोणी आधी पोटरीत येणारं, म्हणजे पोटात लोंबी धरणारं. मीठ सोसण्याची ताकदही सगळ्यांत सारखी नाही. वाण राखायचा तर हा सगळा गोतावळाच राखायचा. शेताच्या चारी अंगांनी फिरून, भरपूर रोपांची एकेक लोंबी घ्यायची, बेताच्या रोपांचीसुद्धा. उपटायची ती फक्त उघड भेसळ: खळ्यावर, गोणीत किंवा गेल्या साली सांडलेल्या दाण्यांतून घुसलेली. आणि पेरायचं खाऱ्या खाचरातच. गोड्या जमिनीत मिठाची परीक्षाच होत नाही, त्यामुळे तिथे नुसतं टपोरं बी निवडत गेलं तर ज्या गुणासाठी राता हवा तोच हातचा जाऊ शकतो.

सुधारणेचं गणित उलटं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेले ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे स्थानिक भातातून निवडलेले वाण. अशा निवडीत एकेका रोपाची संतती वेगळी वाढवतात आणि सरस ठरेल ती ठेवतात. बाकीचा गोतावळा गळतो. पुढची पायरी संकराची. १९६६ सालच्या बुटक्या ‘आयआर ८’ या भाताच्या वाणाची ‘भुरा राता ४-१०’शी सांगड घालून ‘पनवेल १’ काढला. हे काम फार किचकट. फूल उमलण्याआधी तुसाचं टोक कात्रीने छाटायचं, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग वर झटकायचा आणि लोंबीवर पिशवी चढवायची. एका फुलातून दाणा मिळणार एकच! पहिली पिढी एकसारखी येते, दुसरीत सगळे गुण विखुरतात. वाण स्थिर व्हायला सहा-आठ पिढ्या निवड करावी लागते.

भात स्वतःच्याच परागाने फळतं म्हणून राखण तरी घरी जमते. काकडी-दोडक्याचं तसं नाही, तिथे मधमाश्या शेजारच्या परड्यातला पराग आणून टाकतात.

दोन्ही हवं असेल तर बियाण्याच्या मुड्या, म्हणजे पेंढ्यात बांधलेले गठ्ठे, दोन बांधा आणि खुणा करा. राखणीतलं बी निवडीच्या शेतात गेलं तर फारसं बिघडत नाही, निवडीतलं मात्र राखणीच्या मुडीत पडू देऊ नका.