वेम्बलीचा तो शेवटचा ब्लॅक: १९९८ च्या मास्टर्स फायनलच्या आधीची गोष्ट

फेब्रुवारी १९९८, लंडनचं वेम्बली कॉन्फरन्स सेंटर, स्नूकरच्या मास्टर्स स्पर्धेची फायनल, स्टीफन हेंड्री विरुद्ध मार्क विल्यम्स. स्कोअर ९-९, शेवटची फ्रेम (म्हणजे डाव) ५६-५६, टेबलावर एकही बॉल शिल्लक नाही. मग नियमाप्रमाणे ब्लॅक, म्हणजे काळा बॉल, परत त्याच्या स्पॉटवर ठेवला गेला आणि आख्ख्या स्पर्धेचा निकाल त्या एका बॉलवर आला. हेंड्रीला चान्स मिळाला, त्याने तो घालवला, विल्यम्सने ब्लॅक पॉट केला (पॉकेटमध्ये घातला) आणि १०-९ ने मास्टर्स जिंकली. बहुतेक लोकांना एवढंच आठवतं. पण तो चुकलेला ब्लॅक नेमका हेंड्रीचा होता आणि तो वेम्बलीत चुकला, याचं वजन कळायला बरंच मागे जायला लागतं.

स्नूकरचा जन्म आपल्याकडचा, १८७५ साली जबलपूरच्या ब्रिटिश ऑफिसर मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे त्याच नावाचे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) त्या वेळच्या पूलच्या खेळात आणखी रंगीत बॉल घालून हा प्रकार सुरू केला, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. इंग्लंडमध्ये खेळ रुजला, १९२७ पासून वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, पण १९५७ नंतर प्रोफेशनल स्नूकर जवळजवळ आडवंच पडलं. काही वर्षं तर वर्ल्ड चॅम्पियनशिप झालीच नाही, आणि १९६४ ला परत सुरू झाली तीही चॅम्पियनला कुणीतरी आव्हान द्यायचं आणि दोघांनी खेळायचं अशी. खेळाला परत उभं केलं ते कलर टीव्हीने. १९६९ ला बीबीसी टूने 'पॉट ब्लॅक' नावाचा एका एका फ्रेमचा कार्यक्रम काढला, कारण नवीन कलर टीव्हीवर दाखवायला हिरवं टेबल आणि रंगीबेरंगी बॉल यापेक्षा स्वस्त आणि मस्त काय मिळणार होतं! त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपही नॉकआउट पद्धतीने खेळवायला लागले आणि जॉन स्पेन्सर जिंकला.

मास्टर्स आली ती या लाटेवर. १९७५ च्या जानेवारीत, लंडनमधल्या फुलहॅमच्या वेस्ट सेंटर हॉटेलात, फक्त १० निवडक खेळाडूंना बोलावून. स्पॉन्सर सिगरेटची कंपनी, बेन्सन अँड हेजेस. निमंत्रितांची स्पर्धा म्हणजे इथल्या विजयाचे रँकिंग पॉइंट मिळत नाहीत, क्वालिफायर खेळून तळातून वर येणारे शंभर जण नाहीत, जे आधीच वर आहेत त्यांनाच बोलावणं. पुढे १९८४ पासून टॉप १६ खेळाडू हा हिशोब पक्का झाला. मला मास्टर्स आवडते ती याचसाठी, पहिल्याच राउंडला समोर कुणीतरी मोठा उभा असतो, पॉइंटची बेरीज वजाबाकी नाही, नुसतं समोरच्याला हरवायचं आणि ट्रॉफी न्यायची.

आणि गंमत बघा, पहिलीच फायनल स्पेन्सर विरुद्ध रे रिअर्डन, ८-८ वर गेली आणि शेवटच्या फ्रेमला री-स्पॉटेड ब्लॅक! स्पेन्सरने तो घेतला, ९-८, आणि २,००० पाउंड जिंकले. म्हणजे १९९८ ला जे झालं ते या स्पर्धेने पहिल्याच वर्षी एकदा बघितलं होतं. (रिअर्डनने त्याच वर्षी मेलबर्नला वर्ल्ड फायनल ३१-३० ने जिंकली, त्यामुळे ते वर्ष त्याला फार छळून गेलं असं म्हणता येणार नाही.)

री-स्पॉटेड ब्लॅक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेडचा एक पॉइंट, मग यलो २, ग्रीन ३, ब्राउन ४, ब्लू ५, पिंक ६ आणि ब्लॅक ७. शेवटचा ब्लॅक गेल्यावरही दोघांचे पॉइंट सारखेच असतील तर ब्लॅक परत स्पॉटवर, टॉस होतो, टॉस जिंकणारा पहिला कोण मारणार ते ठरवतो, क्यू बॉल (पांढरा बॉल) टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून, 'डी'मधून, खेळायचा, आणि मग जो पॉट करेल तो जिंकला, जो फाउल करेल तो हरला. तिथून सरळ पॉट सहसा नसतोच, म्हणून दोघंही आधी सेफ्टी खेळतात, ब्लॅक कुशनला चिकटवायचा, क्यू बॉल लांब ठेवायचा आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघायची. तासन् तास खेळून कमावलेलं सगळं तेव्हा एका शॉटवर टांगलेलं असतं, आणि ब्रेक बिल्डिंगचं, म्हणजे एकाच खेपेत एकामागून एक बॉल पॉट करत पॉइंट वाढवण्याचं, कितीही कौशल्य असलं तरी तिथे उपयोगाचं नाही.

१९७६ ला मास्टर्स ड्र्युरी लेनच्या न्यू लंडन थिएटरला गेली आणि १९७९ ला वेम्बली कॉन्फरन्स सेंटरला, तिथे ती २००६ पर्यंत राहिली. वर्ल्ड चॅम्पियनशिप जिथे होते त्या शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये हजाराच्या आसपास लोक बसतात, इथे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि लंडनचं पब्लिक गप्प बसणारं नाही. इथेच १९८४ ला पांढरा सूट घातलेल्या कर्क स्टीव्हन्सने जिमी व्हाइटविरुद्ध १४७ (एका खेपेत मिळवता येणारे सर्वाधिक पॉइंट) मारला, आणि इथेच १९८८ ला स्टीव्ह डेव्हिसने फायनलमध्ये माइक हॅलेटला ९-० धुतलं.

हॅलेटचं नाव लक्षात ठेवा, कारण आता हेंड्री येतो. स्कॉटलंडचा हा मुलगा १९८९ ला वयाच्या २० व्या वर्षी पहिल्यांदा मास्टर्स खेळला आणि जिंकला. मग ९०, ९१, ९२, ९३, सलग पाच! पहिल्या पाच वर्षांत या स्पर्धेत तो एकही मॅच हरला नाही, ट्रॉफी त्याला कायमची देऊन टाकली. त्यातली १९९१ ची फायनल परत हॅलेटशी. हॅलेट ७-० ने पुढे, मग ८-२ ने पुढे, एक फ्रेम हवी फक्त, आणि हेंड्रीने सलग सात फ्रेम काढून ९-८ ने मॅच नेली. हॅलेटसाठी आजही वाईट वाटतं. पण त्या दिवसापासून वेम्बलीत हेंड्री मागे असला तरी समोरच्याच्याच छातीत धडधडायचं, माझ्या मते त्याचं निम्मं काम तिथेच व्हायचं. सलग २३ मॅच जिंकल्यावर १९९४ च्या फायनलला अॅलन मॅकमॅनसने त्याला ९-८ ने थांबवलं. १९९६ ला फायनल जास्तीत जास्त १९ फ्रेमची झाली आणि हेंड्रीने रॉनी ओ'सलिव्हनला १०-५ ने हरवून सहावी मास्टर्स घेतली.

दुसरीकडे नवीन पोरं वर येत होती. विल्यम्स, ओ'सलिव्हन आणि जॉन हिगिन्स, तिघंही १९७५ चे, म्हणजे मास्टर्सच्याच वयाचे, आणि तिघंही १९९२ ला प्रोफेशनल झाले. विल्यम्स डावखुरा, वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या भागातल्या क्वूम गावचा. पहिल्या फायनलला तो री-स्पॉटेड ब्लॅक ज्याच्या हातून गेला तो रिअर्डन ट्रेडेगारचा, तोही पोरवयात खाणीत उतरलेला, आणि ही दोन्ही गावं काही मैलांच्या अंतरावर. हेंड्रीला फायनलमध्ये हरवता येतं हे विल्यम्सला १९९७ च्या ब्रिटिश ओपनपासून माहीत होतं.

तरी वेम्बलीत हेंड्री ९-६ ने पुढे गेला तेव्हा सातवी मास्टर्स त्याचीच असं वाटणं साहजिक होतं. ज्याने ८-२ वरून मॅच काढलीय तो ९-६ वरून हरेल कसा? विल्यम्सने सलग तीन फ्रेम घेतल्या, शेवटच्या फ्रेममध्ये ५६-५६ केले आणि मग तो ब्लॅक. हॅलेटबरोबर हेंड्रीने जे केलं होतं, समोरच्याकडे मोठी लीड असताना त्याच्या हाताला आलेलं काढून घेणं, ते या वेळी त्याच्या बाबतीत झालं, तेही २२ वर्षांच्या पोराकडून. सेफ्टी खेळून थकवला गेला असता तर वेगळं, पण त्याला चान्स मिळाला होता आणि तो चुकला, म्हणून ती हार इतकी लागते.

त्याच मोसमात हेंड्री क्रुसिबलला पहिल्या राउंडमध्ये जिमी व्हाइटकडून हरला, हिगिन्स वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि हेंड्रीचं आठ वर्षांचं नंबर वनपद गेलं. १९९९ ला त्याने विल्यम्सलाच १८-११ ने हरवून सातवी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्यामुळे तो संपला असं म्हणणं चूक आहे, पण मास्टर्स परत कधीच नाही. २००३ ला वेम्बलीत परत हेंड्री-विल्यम्स फायनल झाली, विल्यम्स १०-४. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली आणि बेन्सन अँड हेजेसच्या नावाची ती शेवटची मास्टर्स ठरली.