ओळीवरची पेन्सिल

गेल्या जूनमध्ये शेजारच्या तिसरीतल्या मुलाचं इंग्रजीचं पुस्तक हातात आलं. प्रत्येक छापील ओळीच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं देवनागरी लिहिलेली: 'द फार्मर हॅड अ गोट'. पठ्ठ्या घडाघडा वाचत होता. मी खोडरबरानं एक ओळ पुसली आणि म्हटलं, "आता वाच." तो 'द'वरच अडला आणि चोरी पकडल्यासारखा हसला.

खरं तर त्यानं हुशारीच केली होती. 'क कमळाचा' म्हणणाऱ्या मुलाला अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज वेगळे असू शकतात, हे ठाऊकच नसतं. 'क'चं नाव क आणि आवाजही क. इंग्रजीत मात्र 'सी' म्हणायचं आणि 'कॅट'मध्ये त्याचा क करायचा. 'एच'च्या नावात ह औषधालाही नाही. 'वाय'ची सुरुवात व-नं, पण 'येलो'मध्ये तो य देतो. प्रामाणिकपणे अक्षरांची नावं जोडणाऱ्या मुलाच्या हाती 'सीएटी' लागेल, 'कॅट' लागणार नाही. मग उरते घोकंपट्टी: सी ए टी कॅट, अगदी बे एके बेच्या चालीवर. पाढ्यासारखे शंभर शब्द पाठ होतात, हजार होत नाहीत.

हा घोळ आपल्याच मुलांच्या वाट्याला आलाय असंही नाही. इंग्रजीत सुमारे ४४ ध्वनी आहेत आणि अक्षरं २६. फिलिप सीमोर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या तेरा भाषांमधल्या, वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलांची तुलना २००३ साली प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनिश आणि ग्रीक मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. इंग्रजीतून शिकणारी स्कॉटलंडची मुलं शंभरातले जेमतेम ३४. ती वयानं थोडी लहान होती हे खरं, पण तेवढ्यानं एवढी दरी पडत नाही. दोष लिपीच्या गुंत्याचा.

म्हणून आता कित्येक ठिकाणी अक्षरांची नावं मागे ठेवून आवाज आधी शिकवतात, आणि तेही एबीसीडीच्या क्रमानं नव्हे. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे आवाज आले की मूल सॅट, टॅप, पिन, पॅन, स्पिन असे बरेच शब्द स्वतः जुळवतं. इंग्लंडच्या शाळांत २०१२पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून चाळीस शब्द वाचून घेतात. त्यातले वीस चक्क निरर्थक असतात. पाठांतर केलेलं मूल तिथं गप्प बसतं आणि आवाज जुळवणारं मूल तेही वाचून दाखवतं. ही परीक्षा मला फार आवडते. पेन्सिलीची सोयच नाही!

पण इंग्लंडचा हा नुस्खा जसाच्या तसा उचलला की आपल्याकडे फसतो. तिथलं मूल 'पिग' असं जुळवतं तेव्हा तो प्राणी त्याच्या कानात आधीपासून बसलेला असतो. आपलं मूल 'पिग' बिनचूक वाचतं आणि मख्खपणे बघत राहतं. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य.

इथं आपल्या हाताशी एक ठेवा आहे आणि पाठ्यक्रम आखणारे तो फारसा वापरत नाहीत. खेड्यातलं मूलही शाळेत येतं तेव्हा बस, पेन, कप, मग, टब, बॅट, बॉल, पिन हे शब्द घेऊनच येतं. यातले बरेचसे सुटसुटीत स्पेलिंगचे आहेत. पहिल्या वाचनाला हेच घेतले तर गुणाकाराच्या दोन्ही बाजू भरलेल्या असतात. 'ॲ' आणि 'ऑ' हे इंग्रजी स्वर दाखवायला तर आपण देवनागरीत खास चिन्हंही करून घेतली आहेत. काही शब्दांनी मराठीत येऊन अर्थ बदललाय, ते तेवढे सांगावे लागतात. आपली 'लाईट' जाते तेव्हा वीज जाते.

आपला सगळा वाद मात्र 'इंग्रजी कितवीपासून' यावरच अडकलेला असतो. महाराष्ट्रात पाचवीपासूनचं इंग्रजी जून २०००पासून पहिलीत आलं. स्पेनमध्येही कायदा बदलून सुरुवातीचं वय अकरावरून आठवर आणलं, आणि भाषा-अभ्यासक कार्मेन मुन्योस यांच्या बार्सिलोनातल्या गटाला आयता प्रयोग मिळाला. दोन्ही वयाच्या मुलांना सारखेच तास शिकवून झाल्यावर तपासलं, तर बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. लहान मूल भाषा टिपकागदासारखं शोषतं हे खरं, पण ते दिवसभर कानावर पडणाऱ्या भाषेबाबत. तासिकेचा हिशोब वेगळा.

तो हिशोब करूनच पाहू. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस शाळा भरायला हवी. रोज ३५ मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाला ११७ तास होतात. वर्गात तीस मुलं असतील आणि बाईंनी अख्खं वर्ष तोंड उघडलं नाही, तरी एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला चार ताससुद्धा येत नाहीत. वर्षाला!

एवढ्या तुटपुंज्या वेळात शब्द कोणते आणि किती द्यायचे, हा खरा पाठ्यक्रमाचा प्रश्न आहे. त्याचं एक जुनं उत्तर आपल्याच उपखंडातलं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षकांना शिकवत होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचनात का अडखळतात हे पाहताना त्यांना दिसलं, की क्रमिक पुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीनं येतात आणि त्यातले पुष्कळ एरवी कुठे भेटतच नाहीत. त्यांनी बेटासाठीचा जुनाट 'आईल' काढून 'आयलंड' घातलं, 'काहीच नाही' या अर्थाच्या 'नॉट' या जुन्या शब्दाच्या जागी 'नथिंग'. शिवाय मजकूर लांबवला, म्हणजे दोन नव्या शब्दांमध्ये ओळखीच्या शब्दांचं अंतर राहील. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार नित्य वापरातल्या शब्दांची यादी आली. आजचे भाषातज्ज्ञ सांगतात, की कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. आपल्या एखाद्या धड्याखालची शब्दार्थांची लांबलचक यादी आठवा.

वर आपल्याकडे धडा 'होतो'. झाला की झाला, त्यातले शब्द थेट परीक्षेत भेटतात. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतरा-अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते. जूनमधला शब्द जुलैत, सप्टेंबरात, जानेवारीत वेगवेगळ्या गोष्टींतून पुन्हा यायला हवा. त्यासाठी पुस्तक लिहिणाऱ्याला शब्दांची खातेवही ठेवावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय मला तरी दिसत नाही.

हे शब्द वापरायचे कुठे? इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. 'बंगलोर प्रकल्प' म्हणून तो जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना ठाऊक आहे. व्याकरणाचा धडा नाही, वाक्यरचनांचा सराव नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि कोडं घालायचं. समजा, पुण्याहून पावणेसातला सुटणारी गाडी साताऱ्याला सव्वानऊला पोचते आणि पुढची पावणेअकराला. आजीला दहाच्या आत पोचायचंय, कोणती धरावी? एक कोडं बाई वर्गासोबत तोंडी सोडवतात, तसलंच दुसरं ज्यानं त्यानं एकट्यानं सोडवायचं. लक्ष गाडीवर असतं आणि भाषा मागच्या दारानं आत येते. प्रभूंना गटकाम मात्र पसंत नव्हतं. मुलं एकमेकांचं मोडकंतोडकं इंग्रजी उचलतील, अशी त्यांना धास्ती. वरचा चार तासांचा हिशोब पाहिल्यावर मला जोड्या लावण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. चुकीचं का होईना, तोंड तरी उघडू दे.

शेजारच्या मुलाला मी पेन्सिल बंद कर म्हटलं नाही. एवढंच ठरवलं, की आवाज जुळवून बघायचे आणि अडलेल्या शब्दावरच लिहायचं. दिवाळीनंतर पुस्तक पुन्हा पाहिलं. 'हॅड' कोरा होता, 'गोट' कोरा होता. एका पानावर मात्र ई एन ओ यू जी एच या सहा अक्षरांच्या डोक्यावर ठळक 'इनफ' लिहिलं होतं, आणि खाली दोनदा रेघ.