चर्चगेटमधले चर्च कोणते?

चर्चगेट स्टेशनवर उतरून तिथेच चर्च शोधायला लागलात तर फसगत ठरलेली. हे नाव मुळात दरवाजाचे. इंग्रजांच्या किल्ल्याच्या पश्चिम तटाला जो दरवाजा होता, त्यातून आत शिरले की रस्ता थेट सेंट थॉमस चर्चकडे जाई, म्हणून तो चर्चगेट. १८६०च्या दशकात तट पाडला, दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आले आणि नाव तटाबाहेरच्या स्टेशनला चिकटले. तेव्हा स्टेशनातून पूर्वेला वीर नरिमन रस्ता धरावा, हुतात्मा चौक ओलांडावा. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे चर्च लागते. पायी साधारण पंधरा मिनिटे.

वास्तूचे साल कुठे १६७६ दिसते, कुठे १७१८. दोन्ही बरोबर. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांनी १६७६ मध्ये काम सुरू केले, पण पुढच्याच वर्षी ते सुरतेला वारले आणि अर्धवट भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. मग रिचर्ड कॉब या पाद्र्यांनी वर्गणीसाठी कंबर कसली आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडले. कॅथेड्रल मात्र ते झाले १८३७ मध्ये. बिशपचे आसन जिथे असते ते कॅथेड्रल, मग इमारत लहान असो की मोठी. घड्याळाचा मनोरा त्यानंतरचा. आवारातल्या कारंज्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिला आणि आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा, राजाबाई टॉवर ज्यांनी आखला तेच.

आत गेल्यावर बहुतेक जण वेदीपर्यंत जाऊन परत फिरतात. खरा ऐवज भिंतींवर आहे. संगमरवरी स्मृतिशिलांवरची वये वाचत चला; कितीतरी माणसे ऐन तारुण्यात गेलेली दिसतील. १८११ मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक तर सावकाश पाहावे. बनारस आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख त्यावर कोरला आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून निवांत पाहायला आठवड्यातला दुसरा वार बरा.

मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले आहेत. दादर-परळकडे असा दगड दिसला तर त्यावरचा आकडा रोमन असतो आणि खाली सेंट थॉमस चर्चचे नाव. ‘व्ही’ म्हणजे इथून पाच मैल.