एम्प्रेस मिल आणि इंदोऱ्याची वस्ती

नागपुरात इंदोरा म्हटलं की आधी बुद्धविहार आठवतो. या भागाचा एम्प्रेस मिल या जुन्या कापड गिरणीशी असलेला संबंध सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

जमशेटजी टाटांनी 1874 साली कंपनी काढली आणि गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं. भोवती कापसाचा मुलूख, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि 1867 पासून रेल्वे दारात. जुम्मा तलावाजवळची दलदल स्वस्तात मिळाली, ती भरून घेतली. भांडवल मागायला गेले तेव्हा एका मारवाडी सावकाराने ‘हा माणूस सोनं मातीत घालतोय’ म्हणून नकार दिला; पुढे त्यानेच ‘माती घातली आणि सोनं काढलं’ अशी कबुली दिली, असं सांगतात. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, सूत कातायच्या सुमारे 30,000 चात्या आणि कापड विणायच्या 450 मागांवर गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी संपही केला. देशातल्या गिरणी संपांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथूनच करतात.

पण व्यवस्थापक बेझनजी मेहतांची खरी डोकेदुखी संप नव्हती. माणसं कामावर टिकत नव्हती. पाचातला एखादा रोज गैरहजर. हातात चार पैसे आले की मंडळी घरी बसत. मग हजेरीसाठी बक्षिसं आली, 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. टाटांच्या उदारपणाचे दाखले म्हणून या तारखा नेहमी दिल्या जातात. उदारपणा होताच, पण त्यामागे ही माणसांअभावी रिकाम्या राहणाऱ्या यंत्रांची काळजीही होती, आणि ती सांगितल्याने कुणाचं मोठेपण कमी होत नाही. सूत कातायची नवी रिंग स्पिंडल, जिच्यावर इंग्लंडचे गिरणीवालेही तेव्हा विश्वास ठेवत नव्हते, ती इथे 1880 च्या दशकातच चालवून पाहिली. म्यूलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कताई यंत्रावर, सूत काढायला मुरलेला हात लागतो. रिंगवर नवखा माणूसही लवकर तयार होतो.

हा नवखा माणूस कोण? नागपूर भागात महार समाजाची बरीच घरं हातमागावर जाडंभरडं कापड विणत. गिरणीच्या कापडाने तो धंदा बसवला आणि तीच माणसं गिरणीच्या दारात उभी राहिली. तिथेही खातं जातीने ठरे. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंदच होती, कारण धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या, भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार! वाट्याला यायचं ते सूतकताई खातं, कमी मजुरीचं.

याच काळातले बरेच कामगार शहरात दाटीवाटीने झोपड्यांत राहत. 1920 च्या दशकात कंपनीने इंदोऱ्याला सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेऊन वसाहत आखली. मुंबईसारखी चाळीतली एक खोली नव्हे, तर स्वतंत्र प्लॉट. घर कामगाराने स्वतः बांधायचं, कंपनी कर्ज देणार, ते हप्त्याने फेडायचं. कामगार कल्याणाचं काम वायएमसीए या ख्रिस्ती समाजसेवी संस्थेकडे सोपवलेलं होतं. हप्ता चालू असलेला माणूस सहजासहजी गाव गाठत नाही, हे बेझनजींच्या जुन्या दुखण्यावरचं पक्कं औषध.

1986 मध्ये टाटांनी अंग काढून घेतलं, राज्य सरकारच्या महामंडळाने गिरणी चालवली आणि 2002 मध्ये ती बंद पडली. त्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे.