सेंटरपिनमधली ‘पिन’ कुठे गेली?

सेंटरपिन रीळ, म्हणजे मासेमारीच्या रॉडवरचं, मध्यावर मोकळं फिरणारं दोरीचं चाक, हातात आलं की बहुतेकजण आधी चाकाला टिचकी मारतात आणि घड्याळाकडे बघतात. चाक बराच वेळ फिरत राहिलं की रीळ चांगलं, असा सोपा हिशेब. बॉल बेअरिंगवर फिरणारं रीळ खरं सेंटरपिन की नाही, या आजच्या वादाचं मूळ याच सवयीत आहे.

रिळाचा वंश इंग्लंडमधल्या, 19व्या शतकातल्या नॉटिंगहॅमचा. ट्रेंट नदीवर फ्लोट, म्हणजे खाली आमिष लटकवलेला तरंगता तुकडा, प्रवाहाबरोबर दूरवर सोडायची तिथली रीत, आणि रीळ लाकडी. लाकूड भिजून फुगलं की चाक अडायचं. 1896 साली इंग्लंडमधल्याच रेडिचच्या एका कारखान्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकाचं रीळ काढलं. जुन्या रिळांचे शौकीन अजून त्याच्यावर जीव टाकतात. पण 1905मध्ये कापडगिरणीच्या धंद्यातल्या एका गृहस्थाने स्थिर चाकाच्या रिळाचं पेटंट घेतलं. त्यात चाक फिरतच नाही, दोरी त्याच्या कडेवरून सुटते. लांब फेकणं एकदम सोपं झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सेंटरपिन अडगळीत गेलं.

त्याचे दिवस पालटले ते मुख्यतः उत्तर अमेरिकेत. ग्रेट लेक्समध्ये 1870च्या दशकात पॅसिफिक किनाऱ्याकडचा स्टीलहेड ट्राउट आणून सोडला होता. हा मासा तळ्यातून नद्यांत चढतो आणि पुष्कळदा तळाशीच राहतो. नदीचं पाणी वर वेगात आणि तळाशी संथ असतं. फ्लोट मोकाट सोडला तर तो आमिषाला तळाच्या पाण्यापेक्षा जोरात ओढतो. सेंटरपिनच्या कडेवर अंगठा हलकेच टेकवला की फ्लोट किंचित रेंगाळतो आणि आमिष त्याच्या पुढे, तळाच्या चालीने जातं. स्थिर चाकाच्या रिळावर हीच गोष्ट बोटाने दोरी सोडत साधावी लागते, आणि फ्लोटला हिसके बसतात.

आता ‘पिन’. जुन्या रिळात चाक मधल्या खिळीवरच फिरायचं, म्हणून ते नाव. आजच्या बहुतेक रिळांत बॉल बेअरिंग असतात, पिन नावापुरती. कट्टर मंडळी अशा रिळाला सेंटरपिन म्हणायलाच तयार नाहीत. निव्वळ व्याख्येवर गेलं तर फ्लाय फिशिंगचं (कृत्रिम माशीने मासे धरायचं) साधं रीळही सेंटरपिनच ठरेल, तेव्हा शब्दावर अडून बसण्यात अर्थ नाही. टिचकी मारून रीळ पारखता येत नाही, हे मात्र कट्टर मंडळींचं बरोबर आहे. जड चाक एकदा फिरलं की फिरतच राहतं, पण सुरू व्हायला कुरकुरतं. संथ पाण्यात फ्लोटची ओढ ती किती! तेवढ्या ओढीने चाक हललं तर ते रीळ खरं, मग त्यात पिन असो की बेअरिंग. हे घड्याळात दिसत नाही.

अडचण फेकताना येते. हलक्या फ्लोटच्या वजनाने चाक झटकन फिरत नाही, म्हणून रॉडच्या कड्यांमधून दोरीचे वेढे ओढून ठेवायचे आणि फेकताना सोडायचे, नाहीतर हाताने चाकाला गती द्यायची. गती जास्त झाली की दोरीचा गुंता होऊन घरटं बनतं. वाऱ्यात तर फारच. बाजूने फेकायची सोपी युक्ती आहे, पण तिने दोरीला पीळ पडतो.

मासा लागल्यावर बहुतेक रिळांत ब्रेक म्हणजे आपला तळहात. स्टीलहेड सुसाट निघाला की चाकाबरोबर हँडलही उलटं गरगरतं आणि बोटांची सालटं काढतं. गारठ्याने बोटं बधिर असतात, त्यामुळे हे कळतं तेही उशिरा.