मोकळी कोंबडी आणि जाळीतली कोंबडी

पुण्याच्या आसपास शेतघर बांधणाऱ्यांना सध्या दहा-बारा गावठी कोंबड्या पाळायची हौस आहे. घरामागची जागा जाळीने बंद करायची, कोपऱ्यात खुराडं ठेवायचं आणि आल्यागेल्याला सांगायचं, "आमच्या कोंबड्या मोकळ्याच असतात." तिकडे कोकणात मागीलदारी सकाळी डालगं (कोंबड्या झाकून ठेवायची टोपली) उचललं की ज्या कोंबड्या थेट शेजाऱ्याच्या उकिरड्याकडे धावतात, त्याही मोकळ्याच. शब्द एकच असल्यामुळे एकीचा सल्ला दुसरीला लावला जातो. त्यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला म्हणजे, "गावठी कोंबडीला खाद्य लागतंय कुठे? मूठभर कणी टाकली की झालं."

डालग्यातून सुटणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. जाळीतल्या कोंबडीला मात्र त्या मूठभर कणीवर उपाशी राहावं लागतं. पशुसंवर्धनवाले या दुसऱ्या पद्धतीला अर्धबंदिस्त म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

कोंबडी दिवसभर काय खाते ते जवळून पाहावं. पायाने दोन-तीनदा उकरते, एक पाऊल मागे सरते, मान वाकडी करून बघते आणि टिपते: वाळवी, गांडूळ, नाकतोडा, शेणातली अळी, गवताचं बी. अंगणात सांडलेलं धान्य वेगळंच. म्हणजे प्रथिनं ती स्वतः मिळवते, कोवळा पालाही खाते. आपण टाकलेली कणी ही वरची भर. रोज अंड्यावर असलेल्या व्यापारी कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं, त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं असतात. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. गावठी कोंबडीची गरज याहून कमी, पण तीही कुठूनतरी भागावी लागते.

जाळीच्या आत पहिले काही दिवस हे सगळं असतं. मग गवत खुडून संपतं, माती उकरून किडे संपतात आणि उरते टणक, बोडकी जमीन. कोंबडी तरीही दिवसभर उकरतच असते, म्हणून मालकाला वाटतं ती चरते आहे. कणीत नुसता पिठूळ भाग. त्यावर अंडी कमी होतात, कवच पातळ पडतं, कोंबड्या एकमेकींची पिसं ओढतात आणि कधी स्वतःचीच अंडी फोडून खायला लागतात. एकदा ही सवय लागली की मोडणं फार अवघड. म्हणून जाळीत ठेवायचं असेल तर अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य पोटभर, आणि एका भांड्यात शिंपल्यांचा चुरा. शिवाय भाजीचे देठ, अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक वनस्पती).

शंका असेल तर संध्याकाळी खुराड्यात शिरताना कोंबडी हातात घ्या आणि मानेखाली, छातीच्या किंचित उजवीकडे बोटं फिरवा. तिथे अन्नाची पिशवी असते. दिवसभर पोट भरलेल्या कोंबडीची पिशवी टम्म लागते. रिकामी, लोंबती लागली तर दिवस वाया गेला, मग तुमचं आवार कितीही मोठं असो.

किती मोठं पुरे, याचा एक मापदंड युरोपात आहे. तिथे अंड्यावरच्या शिक्क्याचा पहिला आकडा 1 असेल तर त्या कोंबडीला बाहेर फिरायला निदान चार चौरस मीटर जागा ठेवावी लागते. 2 असेल तर पिंजरा नाही, पण शेडबाहेर पडणंही नाही. चार चौरस मीटरच्या हिशोबाने दहा कोंबड्यांना साधारण सव्वाचारशे चौरस फूट होतात. तेवढ्यातही हिरवं टिकत नाही. आवाराचे दोन भाग करून आलटूनपालटून वापरले, तरच गवताला डोकं वर काढता येतं. बलकाच्या गडद रंगावरून कोंबडी मोकळी होती असं सांगतात, त्यावर मी विसंबत नाही. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला तरी तोच रंग येतो.

आता रोगराई. जाळीमुळे कुत्रा आणि मुंगूस अडतात, वरूनही जाळी असेल तर शिक्राही अडतो. पण त्याच त्या ओल्या जमिनीवर रोज विष्ठा पडत राहिली की रक्ती हगवण लागते, आणि ती पिलांचा फडशा पाडते. त्या जंतूंना ओल आणि ऊब हवी असते, पावसाळ्यात दोन्ही आयती मिळतात. मोकळ्या कोंबड्यांची विष्ठा लांबवर विखुरते, म्हणून हा त्रास त्यांना कमी. मानमोडी (राणीखेत रोग) मात्र त्यांना पटकन गाठते. कुणाचीतरी मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकलेली असते, कुणी बाजारातून आजारी पक्षी आणलेला असतो.

मानमोडीची लस दोघींनाही हवी: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही टोचायची लस. ती टोचायची तर पहाटे, डालगं उचलण्याआधी; उजाडल्यावर एकही हाती लागत नाही. एका कुपीत निदान शंभर पक्ष्यांची मात्रा असते आणि कालवल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा सगळ्या वाडीने एकाच दिवशी लस आणणं परवडतं.

जातीचंही तसंच. मोकळं सोडायचं तर गावठीच बरी. रंगाने मातीत मिसळते, घार दिसली की पिलांना पंखाखाली घेते, वेळ आली तर फांदीवर उडून बसते आणि खुडूक झाली की 21 दिवस अंड्यांवर बसून स्वतःच पिलं काढते. अंडी मात्र वर्षाला 50-60. गिरिराज किंवा वनराज या सुधारित जाती अंडी तिच्याहून बरीच जास्त देतात, पण अंगाने जड, कुत्र्यापुढे हमखास सापडतात आणि सहसा खुडूक बसत नाहीत. खाद्य विकतच आणायचं असेल, तर ते या जातींना घालणं हिशोबात बसतं. जाळीत शुद्ध गावठी ठेवून महिनाभर विकतचं खाद्य घालणं हा शौक आहे; करावा, पण त्याला बचत म्हणू नये.

माझं मत विचाराल तर दोन्हींची सांगड घालावी. सकाळी दहा-अकरापर्यंत कोंबड्या जाळीतच ठेवाव्यात, म्हणजे बहुतेक अंडी पेटीत पडतात, करवंदीच्या झुडपात शोधत फिरावं लागत नाही. मग दार उघडावं. अंधारायच्या आत त्या आपणहून परततात, मात्र संध्याकाळचं दाणं रोज खुराड्यापाशीच पडायला हवं. नव्या आणलेल्या कोंबड्यांना आधी आठवडाभर कोंडून ठेवावं, नाहीतर त्या पहिल्याच रात्री दुसऱ्याच्या झाडावर बसतात.

सोडण्याआधी शेजारी उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं विष ठेवतात का, बियाण्याला औषध चोळून पेरतात का, एवढं विचारून घ्यावं. जूनमध्ये भाताचा तरवा (लावणीसाठीची रोपं) पेरला की कोकणातही कोंबड्या कोंडतात, कारण एका सकाळी त्या अख्खा वाफा उकरतात आणि त्यावरून भावकीत बोलणं बंद होतं. या दिवसांत मोकळी कोंबडी जाळीतली झालेली असते, खाणं मात्र तीच मूठभर कणी. मग "पावसात कोंबड्या अंडी देत नाहीत" म्हणतात. पावसाचाही थोडा हात असेल, पण त्या आठवड्यांत अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य घालून बघावं.