खोडदच्या डिशना रेल्वेचा एवढा त्रास का होतो?

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की हल्ली जीएमआरटीचं, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीचं नाव हमखास निघतं. आधीचा 235 किलोमीटरचा मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा जाणार होता, मग रेल्वेने दुर्बिणीचं कारण देऊन तो बाजूला ठेवला आणि शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे आला, आणि तेव्हापासून जुन्नर-आंबेगावकडची लोकं विचारतायत की त्या जाळीच्या डिशना आमच्या गाडीचा एवढा काय त्रास होणारे? प्रश्न एकदम रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर फारसं कोणी देत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

नारायणगावपासून साधारण 10 किमीवर खोडद. तिथे आणि आजूबाजूच्या गावांमधे मिळून 30 डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 डिश खोडदला साधारण एक चौरस किलोमीटरमधे विखुरलेल्या, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, आणि टोकाच्या दोन डिशमधलं अंतर जवळपास 25 किमी. सगळ्या फायबर केबलने जोडलेल्या. प्रत्येक डिशचा सिग्नल बाकी प्रत्येकीशी ताडून बघतात, अशा 435 जोड्या होतात, आणि त्या सगळ्यांचं गणित मिळून चित्र तयार होतं, म्हणजे बारकावे टिपायच्या बाबतीत 30 डिश मिळून 25 किमी रुंदीच्या एका दुर्बिणीसारखं काम करतात.

जवळून बघितलं तर डिशमधून आरपार आकाश दिसतं. पत्रा नाहीच, स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी, मधे 10 मिलिमीटरची भोकं आणि कडेला 20 ची, दोरखंडांवर ताणून बसवलेली. ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमची. इथे पकडायच्या लहरी वीसेक सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटर लांबीच्या, त्यांना ती भोकं जाणवतच नाहीत, पण वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च खूप कमी झाला. याच माणसाने 1965 मधे कल्याणला ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या 32 छोट्या डिश उभ्या करून सुरुवात केली, मग 1970 मधे उटीला डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण, आणि मग ही. 2020 मधे ते गेले. आपल्याकडे त्यांचं नाव जितकं माहीत असायला पाहिजे तितकं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल किती क्षीण असतात याचा आपल्याला अंदाजच नसतो. ते मोजायचं एकक जान्स्की. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झमागे किती वॅट? तर दशांशचिन्हानंतर 25 शून्यं आणि मग 1. आणि आता तर या एककाचे हजारावे, लाखावे भाग मोजले जातात. चंद्रावर एक साधा मोबाईल चालू ठेवला तर इथून बघताना तो रेडिओ आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी गोष्टींमधे मोजावा लागेल. आणि आपण तर मोबाईल खिशात घेऊन डिशपासून हाकेच्या अंतरावर फिरतो.

एक उदाहरण घेऊ. हायड्रोजनचा अणू 1420 मेगाहर्ट्झवर स्वतःहून सिग्नल सोडतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकांमधून (म्हणजे गॅलेक्सींमधून) तो सिग्नल निघाला की वाटेत ताणला जातो आणि आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्याची फ्रिक्वेन्सी खाली येते. साधारण आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल आपल्याला 700 मेगाहर्ट्झच्या आसपास सापडतो. 2020 मधे ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतले आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटमधले त्यांचे सहकारी यांनी याच सिग्नलच्या मागे लागून 7653 दीर्घिका एकत्र घेतल्या, कारण एकेकीचा सिग्नल गोंगाटात बुडालेला, पण हजारोंचे एकावर एक ठेवले की सरासरीत गोंगाट विरतो आणि खरी गोष्ट वर येते. त्यातून कळलं की त्या काळातल्या दीर्घिकांमधे जवळपास ताऱ्यांच्या वस्तुमानाइतकाच हायड्रोजन होता, पण तारे इतक्या झपाट्याने बनत होते की नवा वायू मिळाला नसता तर तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वात तारे बनायचा वेग त्या काळानंतर का मंदावला याचं मोठं कारण हाताला लागलं, आणि तेही खोडदला बसून!

आणि आता बघा, आपल्याकडे 5जीसाठी जो 700 मेगाहर्ट्झचा बँड वापरात आलाय तो नेमका याच फ्रिक्वेन्सीच्या शेजारी आहे. दीर्घिकांना तर सांगता येत नाही की बाबांनो दुसऱ्या चॅनेलवर या.

रेल्वेचं दुखणं वेगळं आहे. विजेच्या गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा दांडा, वरच्या तारेला घासत जातो आणि मधूनमधून ठिणग्या उडतात. ठिणगी कुठल्याही एका फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही, एकदम सगळीकडे ओरडते. मोबाईलचा बँड निदान ठरलेला असतो, तेवढा भाग डेटातून कापून टाकता येतो, पण ठिणगीचं काय कापणार? वीजवाहिन्यांवर सैल जोडणी असली तरी असंच होतं. 2019 पर्यंत झालेल्या अपग्रेडमधे असा गोंगाट तिथल्या तिथे ओळखून काढायची सोय केलीये, पण तिलाही मर्यादा आहे, कारण जो भाग गोंगाट म्हणून टाकला त्याच्यासोबत खरा सिग्नलही गेलाच.

ही दुर्बीण किती तीक्ष्ण आहे ते 19 ऑक्टोबर 2016 ला दिसलं होतं. युरोपचं शियापारेली नावाचं छोटं यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याचा 401 मेगाहर्ट्झवरचा अगदी बारीक सिग्नल साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदच्या डिशनी थेट पकडला, तो अचानक थांबला तोपर्यंत. यान आदळलं हे नंतर नक्की झालं, पण काहीतरी बिनसलंय याची पहिली चाहूल जिथे लागली त्यात आपलं जुन्नर तालुक्यातलं गाव होतं.

ही जागा उगाच निवडलेली नाही. आजूबाजूच्या डोंगरांची शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून आडोशाला मदत होते, वारा बेताचा, आणि अक्षांश असा की वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची गडबड त्यामानाने कमी. शिवाय पुणं जवळ. हे सगळं एकत्र असलेली दुसरी जागा शोधून 30 डिश तिकडे हलवणं हे बोलायला सोपं आहे, करायला नाही.

पण मग नारायणगावच्या माणसाने काय करायचं? टोमॅटोचं एवढं मोठं मार्केट, तरुण पोरं कामाला चाकण-पुण्याला जाणारी, वर्षानुवर्षं रेल्वेची वाट बघितलेली. माझं मत स्पष्ट आहे, दुर्बीण वाचलीच पाहिजे, पण तिची किंमत एकट्या जुन्नर-आंबेगावने का मोजायची? गोंगाट किती अंतरावर किती कमी होतो, डोंगराची आड मिळाली तर किती, हे मोजता येतं. ते आकडे मराठीत, गावोगावच्या ग्रामसभांमधे मांडा, आणि रेल्वे दुसरीकडून नेणार असाल तर या भागाला त्याबदल्यात काय देणार तेही त्याच सभेत सांगा.

आणि ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांच्यासाठी, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते, शाळांची पोरं प्रयोग घेऊन येतात, शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून समजावतात. रेल्वेचा प्रश्न तिथे थेट त्यांनाच विचारा, मोबाईल मात्र बंद ठेवून जा.